उत्तनच्या टोकाला आधी विचारा

ठाणे जिल्ह्याच्या वाट्याला आज उघडा समुद्र उरला आहे, तो एका छोट्याशा टोकापुरता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा वसईपासून डहाणू-तलासरीपर्यंतचा सारा किनारा तिकडे गेला आणि ठाण्याकडे खाड्या, खाजणे आणि मिठागरे यांच्या जोडीला भाईंदरच्या पश्चिमेची उत्तन, पाली, चौक, डोंगरी ही गावे राहिली. नकाशात साष्टी बेटाच्या वायव्य कोपऱ्यावर, वसईच्या खाडीच्या तोंडाशी, जमिनीचे एक निमुळते टोक समुद्रात शिरलेले दिसते, ते हेच. त्याच्या दक्षिणेचे गोराई आणि मनोरी याच भूभागाचा भाग आहेत. पण ते मुंबई उपनगर जिल्ह्यात आणि मुंबईच्या महापालिकेत मोडतात. किनारा एक, बोली जवळजवळ एक, सोयरिकी आपसांतल्या, आणि जिल्हे मात्र दोन, महापालिकाही दोन. गोराईचा माणूस तरीने खाडी ओलांडून बोरिवलीला उतरतो, उत्तनचा माणूस बसने आठ-दहा किलोमीटरवरच्या भाईंदर स्टेशनला येतो, आणि जिल्हाधिकारी कचेरीत काम निघाले की घोडबंदर रस्त्याने ठाण्याला येऊन दिवस घालवतो.

या टोकावर गेल्या तीन-चार दशकांत शहराने काय काय नेऊन ठेवले किंवा ठेवू पाहिले, याची उजळणी केली तर एक सूत्र आपोआप दिसते. मीरा-भाईंदरचा कचरा उत्तनजवळच्या धावगी डोंगरावर गेला. गोराई-मनोरी-उत्तन हा पट्टा मनोरंजन आणि पर्यटन विकासाचे क्षेत्र म्हणून आखला गेला आणि त्याचे नियोजन एमएमआरडीएकडे, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, सोपवण्यात आले. मेट्रो ९ ची कारशेड राई, मुर्धा, मोर्वा या गावांच्या जमिनीवरून विरोधानंतर हलली आणि डोंगरीच्या डोंगरावर आली. आता समुद्रावरून विरारला जाणाऱ्या सागरी सेतूचे दक्षिण टोक उत्तनलाच टेकणार आहे. यांतील प्रत्येक प्रकल्पावर स्वतंत्र वाद होऊ शकतो आणि माझ्या मते काहींची गरज खरीच आहे. माझा आक्षेप क्रमाला आहे. आधी कुठल्यातरी कार्यालयात रेषा आखली जाते, मग वर्तमानपत्रात सूचना येते, मग हरकती, मग मोर्चा, मग पोलीस बंदोबस्त, आणि सर्वांत शेवटी, जमलेच तर, थोडा बदल किंवा थोडी भरपाई. रेषा आखण्यापूर्वी या गावांना कायद्याने विचारावेच लागेल अशी जागा हवी; आणि अशी जागा आपल्या कायद्यात आहे, फक्त ती भरलेली नाही.

हे टोक आडबाजूला आहे, त्याला कशाचे महत्त्व, असे ठाणे-मुंबईकडून पाहताना वाटते. इतिहासात मात्र ते आडबाजूला नव्हते. वसईच्या खाडीचे तोंड ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती वसई आणि साष्टी यांच्यामधले पाणी, हे पोर्तुगीजांनी ओळखले होते आणि चिमाजी अप्पांनीही. १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी चौकच्या टेकडीवरचा धारावीचा किल्ला घेतला, त्यामुळे समुद्रातून वसईला येणारी मदत अडवणे सोपे झाले आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. (मुंबईतल्या धारावीशी या धारावीचा संबंध नाही; हे दरवेळी सांगावे लागते.) आज या भागात धारावी देवीचे देऊळ आहे, डोंगरीला सतराव्या शतकातले चर्च आहे, आणि खाली कोळी व ईस्ट इंडियन (म्हणजे इथलेच जुने मराठीभाषक) ख्रिस्ती, आगरी आणि इतर समाज एकमेकांना लागून राहतात. केशवसृष्टी आणि रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी या संस्था येथेच आहेत. राज्यातील न्यायाधीशांना प्रशिक्षण देणारी महाराष्ट्र न्यायिक अकादमीही उत्तनलाच आहे. राज्याला हे टोक सापडत नाही, असे म्हणायला जागा नाही.

सापडत नाही ते इथल्या कामाचे स्वरूप. उत्तन, भाटेबंदर, पातान बंदर, चौक, पाली येथील मासेमारीचा मोठा भाग डोल जाळ्यांचा आहे, आणि डोल समजून घेतल्याशिवाय इथल्या कुठल्याही वादात शिरणे व्यर्थ आहे. डोल म्हणजे मोठ्या पिशवीसारखे, तोंडाशी रुंद आणि शेपटाकडे निमुळते होत गेलेले जाळे. ते बोटीमागे ओढत नाहीत. समुद्राच्या तळाशी रोवलेल्या खुंटांना किंवा नांगरांना बांधून, भरती-ओहोटीच्या ओढीसमोर तोंड करून उभे ठेवतात. पाणी जाळ्यातून जाते, त्याबरोबर आलेले बोंबील, जवळा, करंदी, मांदेली आत राहतात, आणि ओढ थांबायच्या सुमारास जाळे वर घेतले जाते. ओढ जेवढी जोराची, तेवढे जाळे चांगले भरते; म्हणून उधाणाचे दिवस कमाईचे आणि भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे, दिवस बरेचसे जाळी शिवण्याचे. ही जागा, जिला इकडे कव (अनेकवचनी कवी) म्हणतात, एका पिढीने शोधलेली आणि पुढच्यांनी सांभाळलेली असते. ट्रॉलरवाल्याला एका जागी अडथळा आला तर तो चार मैल पुढे जाऊन जाळे टाकतो, डोलवाल्याला तसे करता येत नाही, कारण पुढच्या चार मैलांवर दुसऱ्या कोणाची तरी कव असते.

बोंबील हा मुळात पाणीदार मासा, तो दिवसभरही टिकत नाही. त्यामुळे बंदरावर उतरलेल्या मालातला ताजा विकला जाईल तेवढा विकून उरलेला त्याच दिवशी सुकवायला जावा लागतो. बांबूंच्या वलांडींवर दोऱ्या ताणलेल्या असतात, बायका टोपली पुढे ओढून उभ्या राहतात, एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवतात आणि ती जोडी दोरीवर टाकतात. हात इतके सरावलेले की बोलणे सुरू असताना नजरही तिकडे जात नाही. त्यासाठी वारा आणि ऊन लागेल अशी मोकळी, किनाऱ्यालगतची जागा लागते, आणि अशा जागेचा सातबारा बहुधा त्या बाईच्या नावावर नसतो. ती सरकारी असते, किंवा गावाची म्हणून वापरली जाते. वापर पिढ्यान्‌पिढ्यांचा असला, तरी महसुली कागदावर ती जागा रिकामी असते. या टोकाच्या बहुतेक सगळ्या तंट्यांचे मूळ मला या एका गोष्टीत दिसते. शहराचा आराखडा रिकाम्या जागा शोधतो, आणि कागदावर रिकाम्या दिसणाऱ्या जागांवरच इथल्या लोकांचे पोट चालते: वलांडीची जागा, होड्या ओढून ठेवायची वाळू, गुरे चारायचा डोंगर, आणि समुद्रातली कव.

उत्तन-विरार सागरी सेतूचा आराखडा या नजरेने पाहावा लागतो. मूळ वर्सोवा-विरार कल्पनेतून निघालेला हा मार्ग एमएमआरडीएच्या आराखड्यानुसार जोडरस्त्यांसह सुमारे ५५ किलोमीटरचा असून त्यातले साधारण २४ किलोमीटर समुद्रावरून जातात, आणि पुढे तो डहाणूजवळच्या नियोजित वाढवण बंदरापर्यंत नेण्याचा विचारही सरकारने बोलून दाखवला आहे. वसई-विरारच्या लोकांचे लोकलमधले हाल ज्याने पाहिले आहेत, तो या रस्त्याला सरसकट नको म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. पण समुद्रात खांब उभे राहिले की त्यांच्याभोवती पाण्याची ओढ बदलते, गाळ कुठे साचतो आणि कुठे उपसला जातो हे बदलते, आणि डोल तर नेमकी ओढीवर चालते. बांधकामाच्या काळात बार्ज, नांगर आणि सुरक्षेसाठी बंद केलेले पट्टे असतील ते वेगळेच. तेव्हा प्रश्न ‘सेतू हवा की नको’ एवढाच उरत नाही. तो कोणत्या रेषेवरून जातो, खांबांमधले अंतर किती ठेवले जाते, होड्या कुठून जा-ये करतील, कोणाच्या किती कवी त्याखाली येतात, हे प्रश्न जास्त महत्त्वाचे आहेत, आणि यांची उत्तरे ज्यांच्याकडे आहेत ती माणसे रेषा आखताना खोलीत नव्हती.

उशिरा विचारल्याने काय होते, याचे उदाहरण वरळीत आहे. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात वरळीच्या क्लीव्हलँड बंदराजवळ दोन खांबांमधले अंतर ६० मीटर ठरले होते. तेवढ्यातून भरतीच्या लाटांत होड्या सुरक्षित जाणार नाहीत, असे तिथले कोळी पहिल्यापासून सांगत होते. त्यांनी काम अडवले, महिनोन्‌महिने वाद चालला, आणि २०२३ च्या सुरुवातीला सरकारने एक खांब वगळून हे अंतर १२० मीटर करण्याचे मान्य केले. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या ते शक्य होते. ते आधीच केले असते तर पैसा वाचला असता, वेळ वाचला असता आणि मच्छीमार विकासाच्या आड येतात ही बदनामीही झाली नसती.

नवी मुंबईतले दुसरे उदाहरण न्यायालयाचे आहे. ठाणे खाडीवरच्या तिसऱ्या पुलाच्या कामात वाशीच्या मच्छीमार सहकारी संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये न्यायालयाने मच्छीमारांचा पारंपरिक हक्क मान्य केला आणि अशा प्रकल्पांसाठी भरपाईचे निश्चित धोरण असावे असे सरकारला बजावले. पुढे राज्याचे तसे धोरण आलेही. ही मोठी गोष्ट आहे, तिचे मोल कमी करायचे नाही. तरीही भरपाई हे नुकसान झाल्यानंतरचे गणित असते. ज्या माणसाची कव गेली त्याला चार पैसे मिळतील, परंतु त्याच्या होडीवर काम करणाऱ्या खलाशांना, मासळी वाहणाऱ्या टेम्पोवाल्याला आणि भाईंदर-बोरिवलीच्या बाजारात पाटी लावून बसणाऱ्या बाईला त्यातले किती मिळणार, हा हिशेब अजून कोणी नीट मांडलेला नाही.

कचऱ्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण त्याबद्दल वर्षानुवर्षे लिहून झाले आहे. उन्हाळ्यात धावगीच्या ढिगाला लागणाऱ्या आगी, गावात उतरणारा धूर, पावसात डोंगरावरून शेतांत आणि विहिरींत येणारे काळे पाणी, यांच्या तक्रारी हरित लवादापर्यंत गेल्या आहेत. एवढेच नोंदवतो की २०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या ८ लाख ९ हजारांवर होती, त्यानंतर टोलेजंग इमारतींची भर पडतच गेली, आणि या सर्वांचा कचरा शहराच्या सर्वांत ग्रामीण, सर्वांत कमी कचरा करणाऱ्या कोपऱ्यात जातो. डोलच्या जाळ्यात मासळीबरोबर प्लास्टिकच्या पिशव्या आणि वेफर्सची पाकिटे निघतात, ती निवडून बाजूला काढण्यात जाणारा वेळ कोणाच्याही नुकसानीत धरला जात नाही. कचरा प्रत्येक प्रभागात वेगळा करून तिथेच जिरवण्याची व्यवस्था आपण केली नाही, म्हणून उत्तनला डोंगर लागला. यात अभियांत्रिकीची अडचण थोडी आणि इच्छेची जास्त आहे.

कारशेडची गोष्ट अधिक अवघड आहे. राई-मुर्धा-मोर्वाच्या लोकांनी आपली घरे आणि शेते वाचवण्यासाठी विरोध केला, तो रास्त होता. सरकारने तो ऐकला, हेही चांगले झाले. पण ऐकणे म्हणजे काय झाले? आराखडा एका गावावरून उचलून शेजारच्या गावावर ठेवला गेला, आणि मग डोंगरीला दहा हजारांहून अधिक झाडांचा प्रश्न उभा राहिला. खासगी घरांना कमीत कमी धक्का, हा निकष वाईट नाही. तरी त्याचा परिणाम असा होतो की ज्याला सातबारा आहे त्याची जमीन सुटते आणि ज्याला केवळ वापर आहे त्याचा डोंगर जातो. दोन गावे एकत्र बसून, शेजारच्या मिठागरांसह सगळे पर्याय समोर ठेवून बोलली असती तर काय ठरले असते, हे सांगता येत नाही. तसे बोलण्याची सोयच नव्हती.

येथे शहराच्या बाजूने जे म्हटले जाते ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. मेट्रो हवी तर डब्यांना उभे राहायला जागा हवीच, आणि उत्तनची मुलेही कॉलेजला आणि नोकरीला भाईंदर-मुंबईलाच जातात. शेवटच्या बसची चिंता त्यांनाही आहे. गावकरी म्हणून जे बोलतात त्यांतल्याच काहींनी किनाऱ्यालगतच्या जमिनी बंगलेवाल्यांना विकल्या, खारफुटीवर भराव टाकणाऱ्या डंपरना वाट दिली, आणि आज तेच पर्यावरणाच्या सभेत पहिल्या रांगेत असतात. मासेमारही एकमुखी नाहीत. कवींच्या जागांवरून उत्तन-वसईकडचे आणि पालघर-डहाणूकडचे मच्छीमार यांच्यातला वाद जुना आहे आणि अधूनमधून समुद्रातच हातघाईवर येतो. पर्ससीन (माशांच्या थव्याला वेढणारी मोठी जाळी) आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीने लहान मच्छीमारांच्या तोंडचा घास जातो, तो नेणारे काही परग्रहावरचे नसतात. म्हणून ‘गाव शुद्ध, शहर पापी’ अशी मांडणी मला मान्य नाही. उलट या भांडणांमुळेच गावांना बोलण्याची एक औपचारिक, इतिवृत्त ठेवणारी जागा हवी, असे मी म्हणतो. जिथे सभा नसते तिथे गावाच्या नावाने तोच बोलतो, ज्याचा आवाज मोठा किंवा ज्याची ओळख मंत्रालयात.

अशी जागा एकेकाळी होती. १९८५ मध्ये काही ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपालिका झाली, १९९० मध्ये उत्तन, डोंगरी, राई-मुर्धा यांच्यासारख्या ग्रामपंचायती तिच्यात घेतल्या गेल्या, आणि २००२ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली. योगायोग असा की त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले ते १९९३ पासून. म्हणजे देशभरच्या गावांना ते बळ मिळाले, त्याच्या अगदी तोंडावर या गावांनी ग्रामपंचायत गमावली होती. शहरात गेल्याने नळ, रस्ते, दवाखाने आले, हे कोणी नाकारत नाही. पण ९५ नगरसेवकांच्या सभागृहात या टोकाचे दोन-तीनच बसतात, आणि बहुमताचा कचरा कुठे जावा यावर मतदान झाले तर निकाल आधीच ठरलेला असतो. त्यातही ऑगस्ट २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची काही वर्षे कारभार प्रशासकाकडे गेला; कारशेड आणि झाडांचे निर्णय पुढे सरकले ते या काळात.

याच ठाणे जिल्ह्यात या दुखण्याची इतर रूपेही दिसली आहेत. कल्याण-डोंबिवलीतली सत्तावीस गावे आत की बाहेर यावर वर्षानुवर्षे वाद चालला, नवी मुंबईतली चौदा गावे आधी वगळली गेली आणि मग पुन्हा घेतली गेली, आणि २००९ मध्ये वसई-विरार महापालिका झाली तेव्हा गावे वगळण्यासाठी मोठे आंदोलन पेटले. महापालिकेतून बाहेर पडणे हा उत्तनसाठी उपाय आहे असे मला वाटत नाही. चार गावांची वेगळी ग्रामपंचायत एमएमआरडीएपुढे आजच्यापेक्षा जास्त ठामपणे उभी राहील, याची खात्री नाही, आणि शहराच्या सोयी मात्र जातील.

उपाय आतच आहे. २००९ मध्ये महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद झाली. मतदान केंद्रांच्या हद्दींवर आधारलेल्या लहान भागांतील मतदारांनी एकत्र बसून आपल्या भागातील कामे सुचवावीत, असा तिचा हेतू. केंद्राच्या शहर योजनेतला निधी मिळवण्यासाठी ही अट होती, म्हणून कायदा झाला, आणि निधी आल्यावर तो बाजूला राहिला. राज्यातल्या महापालिकांत अशा सभा नियमित होतात असे दिसत नाही. मीरा-भाईंदरने सर्वत्र त्या भरवाव्यात, पण निदान उत्तन, पाली, चौक, डोंगरी, राई, मुर्धा, मोर्वा या गावांत तरी तातडीने भरवाव्यात. त्यांना आज कायद्याने सूचना करण्याएवढाच अधिकार आहे. तो वाढवायला विधिमंडळ लागेल; मात्र प्रकल्पाची जागा निश्चित करण्यापूर्वी क्षेत्रसभेचे म्हणणे लेखी घ्यावे आणि ते अमान्य केले तर कारणे द्यावीत, एवढा नियम शासन स्वतःवर लादून घेऊ शकते.

त्या सभांचे पहिले काम नकाशाचे असावे. किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ आणि २०१९ च्या अधिसूचनांनुसार किनारा व्यवस्थापन आराखड्यात मच्छीमार गावे, मासे सुकवण्याच्या जागा, जेटी, बर्फाचे कारखाने आणि मासेमारीची क्षेत्रे दाखवायची असतात, आणि मच्छीमारांच्या घरांच्या पुढच्या गरजेचीही योजना करायची असते. हे काम अपुरे झाले आहे, कोळीवाड्यांच्या सीमा नीट आखलेल्या नाहीत, अशी मच्छीमार संघटनांची तक्रार जुनी आहे. ती तक्रार करत राहण्यापेक्षा गावांनी आपला नकाशा आपण काढावा: कोणती वलांडीची जागा, कोणता होड्यांचा रस्ता, कोणाची कव कुठे, कोणत्या डोंगरावरून कोणत्या विहिरीत पाणी उतरते. त्यात कवींवरची भांडणे वर येतील, हे उघड आहे, आणि वसई-पालघरकडच्यांनाही बोलवावे लागेल, कारण समुद्रात जिल्ह्याची हद्द ओढीला कळत नाही. गोराई-मनोरी दुसऱ्या महापालिकेत असले तरी त्यांच्याशिवाय हा नकाशा अर्धा राहील, म्हणून दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी तो एकत्र स्वीकारायला हवा.

हे काम १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात होऊ शकते, कारण तेव्हा होड्या किनाऱ्यावर असतात आणि माणसे गावात. मत्स्यव्यवसाय विभागाचे अधिकारी, महसूल खात्याचे भूमापक आणि महापालिकेचे नगररचनाकार यांना त्या ६१ दिवसांसाठी भाटेबंदर आणि पालीला बसवायला शासनाला नवा कायदा लागत नाही. सागरी सेतूच्या खांबांच्या जागा नक्की करण्याआधी तो नकाशा एमएमआरडीएच्या मेजावर पोचला पाहिजे.